पहाटेच्या पावाची मुंबई

कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव येत नाही, स्लाइस ब्रेड येतो. वाढपी कटाचं, म्हणजे तिखट रश्श्याचं, भांडं घेऊन टेबलांमधून फिरत असतो आणि कुणी कितीदा कट घेतला याचा हिशेब ठेवत नाही. त्या चवीवर वाढलेल्या माझ्यासारखीला मुंबईची सकाळ अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो. इथे न्याहारी पावाभोवती फिरते. ऑम्लेट पाव, खिमा पाव, उसळ पाव, मिसळ पाव, मस्का पाव, आणि काहीच नसेल तेव्हा चहात बुडवलेला नुसता पाव. चपाती-भाकरी ज्याच्या त्याच्या घरची. पाव मात्र कुणाच्याच घरी भाजला जात नाही आणि सगळ्यांच्या घरी असतो.

हिवाळ्यात लालबागला आत्याकडे मुक्काम होता. आत्याचे यजमान गडहिंग्लज भागातून गिरणीत कामाला आले, त्याला आता साठ वर्षं होत आली. चाळीतली खोली अजून तीच आहे. आतेबहिणीची मुलगी लोअर परळला एका ऑफिसात काम करते. ती म्हणाली, “मावशी, आजोबांच्या गिरणीच्या बाजूलाच आता सावरडोची बेकरी झालीये. चल एकदा.” तिच्या त्या एका वाक्याने माझा बेत ठरला. धोबीतलावापासून दादरपर्यंत सकाळ-सकाळी फिरायचं, खायचं, आणि या शहराचा पाव कुठून येतो नि कुठे चाललाय ते बघायचं.

सुरुवात धोबीतलावाला, जेर महाल इमारतीतल्या कयानीपासून केली. समोर मेट्रो सिनेमा, आणि आत 1904 सालचं इराणी हॉटेल. उंच छत, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, काचेच्या बरण्यांतून बिस्किटं. ब्रून मस्का मागवला. ब्रून म्हणजे कडक पाठीचा पाव. सुरी फिरते तेव्हा कुरकुर ऐकू येते आणि टेबलावर चुरा सांडतो. आत लोण्याचा जाड थर. तो तुकडा चहात बुडवून खायचा. चहावर लोण्याचे बारीक पिवळे ठिपके तरंगू लागतात, आणि शेवटचा घोट खारट-गोड लागतो. पाठ कडक म्हणून चहात विरघळत नाही, पोट मऊ म्हणून चहा शोषून घेतं. साधा पाव हे काम करू शकत नाही.

माझ्या टेबलावर दोन अनोळखी माणसं येऊन बसली. एकाने वर्तमानपत्र उघडलं, दुसऱ्याने मावा केक खाल्ला, चहा प्यायला आणि गेला. कुणी कुणाशी बोललं नाही. आमच्याकडे असं होत नाही. कोल्हापुरात शेजारी बसलेला माणूस पहिल्या दोन मिनिटांत ‘कुठल्या गावचं?’ विचारतो, तिसऱ्या मिनिटाला त्या गावातला त्याचा पाहुणा निघतो. मला ती आपुलकी आवडते. पण कयानीत बसल्यावर इथल्या न विचारण्याची किंमतही कळली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द आणि केरमानकडून जे इराणी झरथुष्ट्री इथे आले, त्यांनी नाक्यानाक्यावर चहाची दुकानं काढली. त्या काळात आपल्या लोकांच्या हॉटेलात कोण आत बसणार, कोण बाहेर उभा राहणार, कुणाची कपबशी वेगळी, हे ठरलेलं असे. इराण्याकडे पैसे टाकले की खुर्ची मिळे. नाव, गाव, जात न विचारणं ही मुंबईने लोकांना दिलेली फार मोठी सवलत होती आणि ती चहा-पावाच्या टेबलावरून मिळाली.

शेजारची ससानियन बेकरी 1913 सालची. तिथे फक्त खारी घेतली आणि गिरगावची वाट धरली.

चालताना डोक्यात परमहंस सभा होती. 1849 मध्ये मुंबईत शिकलेल्या तरुणांनी ही गुप्त मंडळी सुरू केली. दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या मुळाशी होते. जातिभेद मोडायचा, हा तिचा उद्देश. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं, अशी तिची रीत होती. आज आपण ज्या पावाला चटणी लावून उभ्या-उभ्या खातो, त्याचा एक तुकडा गिळायला तेव्हा जिवाचं धाडस लागत होतं. आणि हे धाडस किती खरं होतं पाहा: 1860 च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं फुटतील या धास्तीने मंडळी पांगली. पाव खाल्ल्याचं उघड होणं म्हणजे घरादारातून उठणं होतं. आता त्याच गिरगावात सकाळी सातला सोवळ्यातल्या आजी पाववाल्याला ‘ताजा आहे का रे?’ म्हणून दटावतात. पावणेदोनशे वर्षांत एवढं अंतर कापलेला दुसरा पदार्थ मला ठाऊक नाही.

गिरगावात वाड्यांची नावं अजून झाडांची आहेत. फणसवाडी, आंबेवाडी. झाडं गेली. ठाकूरद्वार रस्त्यावर फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाल्ली. नुसत्या मिसळीसाठी एवढ्या सकाळी बँकेत जायचे कपडे घालून बसलेली माणसं बघून बरं वाटलं. इथली मिसळ आमच्यासारखी अंगावर येत नाही. मसाल्यात गोडसरपणा असतो, रस्सा बेताचा, आणि तिखट हवं असेल तर मागून घ्यावं लागतं. पहिल्या घासाला मला ती सौम्य वाटली. अर्धी संपल्यावर लक्षात आलं की ही मिसळ पावासाठी बेतलेली आहे. कोल्हापूरचा ब्रेड कटात भिजून लगदा होतो, त्याचं काम कट तोंडापर्यंत पोचवायचं. इथला लादीपाव रस्सा धरून ठेवतो, त्याला स्वतःची किंचित गोडी असते आणि ती चवीत मिसळते. दोन्ही रीती आपापल्या जागी खऱ्या आहेत. शेजारच्या आजोबांनी पणशीकरांचं पियुष पिऊनच पुढे जायची तंबी दिली, ती पाळली.

मग खोताची वाडी. सेंट तेरेसा चर्चजवळ ही गल्ली सुरू होते आणि मुंबईचा आवाज एकदम खाली जातो. लाकडी जिने बाहेरून चढणारे, कौलारू छपरं, निळे-पिवळे रंग, दारात क्रूस आणि तुळसही. दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर ही वस्ती वसली. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी भूखंड घेऊन घरं बांधली. आता जुन्या घरांपैकी निम्मीही उरलेली नाहीत. उरलेल्यांच्या डोक्यावर टॉवर उभे आहेत.

एका ओट्यावर एक वृद्ध बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचं मराठी माझ्याहून जुनं. मी पावाचं विचारल्यावर त्यांनी फुगियांची गोष्ट काढली. फुगिया म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे. लग्नात, नाताळात मांसाच्या रश्श्याबरोबर खायचे. “आमच्या आईच्या वेळी ताडी घालून पीठ ठेवायचे रातभर,” त्या म्हणाल्या. “सकाळी भांड्याचं झाकण वर उचललेलं असायचं. आता पुडीतलं यीस्ट. फुगतं, पण तो वास नाय येत.”

त्यांच्या या बोलण्यापाशी मी बराच वेळ थांबले. पोर्तुगीजांबरोबर गव्हाचा पाव आपल्या किनाऱ्यावर आला, पण त्याला फुगवायला त्यांचं खमीर इथे नव्हतं. गोव्याच्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, ताडीसारखी माडाची सूर वापरली. सूर काढल्यापासून काही तासांत आपोआप आंबू लागते, कारण हवेतली, झाडावरची रानटी किण्वं तिच्यात उतरतात. वसईपासून गिरगावापर्यंतच्या ईस्ट इंडियन घरांत हेच चालत होतं. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर ताडी सहजासहजी मिळेनाशी झाली आणि बाजारात तयार यीस्ट आलं. म्हणजे आज काचेच्या दुकानात जो सावरडो, विरजणाने आंबवलेला पाव, परदेशी कौतुकाने विकला जातो, त्याचा सख्खा नातेवाईक या किनाऱ्यावर कैक पिढ्या भाजला जात होता. आपण तो विसरलो. ज्या बायकांनी तो जपला त्यांना त्यासाठी कुणी शेफ म्हटलं नाही.

गिरगावहून मी भायखळामार्गे लालबागला परतले. भायखळ्याला अमेरिकन एक्स्प्रेस बेकरी आहे, 1908 ची, गोवेकरांनी सुरू केलेली. तिच्या दारात नुसतं उभं राहिलं तरी भाजलेल्या मैद्याच्या वासाने माणूस ताजातवाना होतो.

आत्याने रात्री आंबोळीचं पीठ ठेवलं होतं. ती घाटावरची, पण शेजार सगळा मालवणी, त्यामुळे आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची आमटी तिच्या हातात मुरली आहे. तांदूळ, उडीद, चिमूटभर मेथी. दगडी पाट्याची जागा मिक्सरने घेतली, बाकी काही बदललं नाही. “थंडीत भांडं ओट्यावर ठेवायचं नाही, पिठाच्या डब्याशेजारी ठेवायचं,” ती सांगत होती. “पावसाळ्यात उलटं. चार तासांत वर येतं. मग रात्री उठून बघावं लागतं.” तिला तापमापक माहीत नाही, भांड्याला हात लावून कळतं. आंबोळीला जाळी पडली की ती एकदा समाधानाने मान हलवते आणि दुसरी घालते.

पण मला बघायची होती भट्टी. लालबागच्या एका गल्लीत जुनी लाकडाची भट्टी आहे. आत्याच्या चाळीत जो पाववाला येतो त्याच्या ओळखीने रात्री दोनच्या पुढे तिथे गेले. मालकाने आत येऊ दिलं, फक्त फोटो नको म्हणाले. आत पाऊल टाकलं आणि स्वेटर काढून हातात घेतला. लांबट, काळवंडलेली खोली, एका भिंतीत भट्टीचं तोंड, जेमतेम दोन हात रुंद. आतली जागा मात्र खोलवर गेलेली, विटांची, कमानीच्या छताची. सहा-सात माणसं, बहुतेक उत्तर प्रदेशातून आलेली, कोपरापर्यंत मैद्यात. मळायला यंत्र आहे, पुढचं सगळं हाताने. एकजण पिठाच्या ढिगातून गोळे तोडतो; वजनकाट्याकडे बघत नाही, पण गोळ्यागोळ्यात फरक दिसत नाही. दुसरा ते तळहाताखाली एका फेऱ्यात वळतो आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये चिकटून-चिकटून लावतो. फुगल्यावर ते एकमेकांना भिडतात आणि लादी तयार होते. पावाची बाजू मऊ राहते ती या शेजारामुळे.

भट्टीचा मुख्य कारागीर पन्नाशीचा. त्याने संध्याकाळीच आत लाकूड पेटवलेलं होतं. जाळ खाली बसला की निखारे बाजूला ओढायचे, राख झाडायची, ओल्या गोणपाटाने तळ पुसून काढायचा. त्यानंतर भाजायचं काम विटा करतात. उष्णता किती आहे हे तो मैद्याची चिमूट आत फेकून पाहतो. लगेच काळी पडली तर थांबायचं, सावकाश तांबूस झाली तर घालायचं. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावरून ट्रे आत सरकले आणि काही मिनिटांत खोलीचा वास बदलला. आधी ओल्या पिठाचा आंबूस वास होता. त्याच्या जागी असा वास आला की मध्यरात्री मला भूक लागली.

पुढचं मला फार आवडलं. भट्टी एकदा तापली की तिची ऊब वाया जाऊ देत नाहीत. कडक उष्णतेत पाव आणि ब्रून. जरा उतरली की बन. आणखी उतरली की खारी आणि नानखटाई. अगदी शेवटी, भट्टी नुसती कोमट असते तेव्हा शिळ्या पावाचे काप आत वाळायला ठेवायचे, त्यांचे टोस्ट होतात. त्या एका जाळावर मुंबईच्या चहाचा सगळा संसार चालतो.

मी खमिराबद्दल विचारलं. यीस्ट घालतोच, तो म्हणाला, पण कालच्या पिठाचा एक गोळाही आजच्या पिठात जातो, त्याच्या उस्तादाने तसं शिकवलं. नसला तर चव पोकळ लागते. हे सांगताना त्याने कोपऱ्यातला ओल्या फडक्याखालचा गोळा दाखवला. घरी सगळे गावाला आहेत, तो इथेच माळ्यावर झोपतो, दिवसा.

साडेचारला सायकली आल्या. मागच्या टोपलीत फडक्यावर लाद्या, वर निळा प्लास्टिकचा कागद. डझनांची मोजणी होते, वहीत टिपलं जातं, सायकल अंधारात शिरते. चाळीत दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशव्यांत पाव पडतात तेव्हा आत माणसं झोपलेली असतात. आत्याला आठवतं, पूर्वी हे सगळं आणखी लवकर व्हायचं. पहिल्या पाळीचा भोंगा सातला. त्याआधी चहा-पाव पोटात जायला हवा. दुसऱ्या पाळीचे, तिसऱ्या पाळीचे, एका खोलीत आळीपाळीने झोपणारे, बायका-मुलं गावी ठेवून आलेले. त्यांना चूल नव्हती. दोन वेळा खाणावळ आणि सकाळी पाव. गिरणगाव उभं राहिलं ते या न्याहारीवर.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उतरले. आत्याचे यजमान त्यातले. “तेव्हा पाववाल्याने आमच्या चाळीला उधार दिलं,” आत्या म्हणाली. “कुणाकुणाचं तर त्याने कधीच मागितलं नाही.” ती हे सांगताना पाव खात होती.

परळला सकाळी केईएम आणि टाटा या रुग्णालयांच्या फुटपाथवरून गेलं की मुंबईची एक वेगळीच पंगत दिसते. केईएम 1926 चं, टाटा मेमोरियल 1941 चं. भिंतीला लागून माणसं बसलेली असतात, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, हातात कागदी ग्लास आणि पाव. मराठवाड्यातून आलेले एक शेतकरी भेटले, बायकोचे उपचार चालू होते. आमची बोली जमली, मग गप्पा झाल्या. “भाकरीवाचून पहिल्यांदी जमंना,” ते म्हणाले. “आता पावच. पोट धरतंय, आन पैशे वाचत्यात.” त्यांनी पावाचा अर्धा भाग कागदात गुंडाळून पिशवीत टाकला. आत वॉर्डात न्यायचा होता. मुंबईत उपचारांना येणाऱ्या किती माणसांना हा चार-पाच रुपयांचा पाव उभं धरतो, याची नोंद कुठे होत नसेल, पण व्हायला हवी.

तिथून चालत लोअर परळ. गिरणीची चिमणी उभी आहे, तिच्याभोवती काचा. गिरण्यांच्या जागी मॉल, ऑफिसं, रेस्तराँ. भाचीने सांगितलेल्या बेकरीत शिरले. पांढऱ्या भिंती, लाकडी फळीवर गोल, करपट-तांबूस पाठीचे पाव, त्यावर पात्याने काढलेली पानांची नक्षी. एका पावाला साडेतीनशे रुपये. मी मनात भिंत उभी करूनच गेले होते, पण ती फार वेळ टिकली नाही, कारण तिथली बेकर मुलगी कामात बुडालेली होती आणि तिला ते काम मनापासून येत होतं. तिने काचेची बरणी उघडून विरजण हुंगायला दिलं. ताकासारखा, किंचित फळासारखा वास. पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. रोज त्यातलं थोडं काढायचं, ताजं पीठ-पाणी घालायचं, की आतली किण्वं आणि दही लावणाऱ्या जातीचे जीवाणू जिवंत राहतात. त्या आंबण्याने पावाला आंबटपणा येतो आणि पाव बरेच दिवस टिकतो.

“पुस्तकं थंड देशांतली आहेत,” ती म्हणाली. “त्यात बारा तास ठेवा लिहिलंय. इथे मे महिन्यात पाच तासांत पीठ हाताबाहेर जातं. मग रात्री फ्रिजमध्ये टाकून त्याला हळू करावं लागतं. पावसाळ्यात पाणी कमी.” मला आत्याचं भांडं आठवलं. दोघींचं शिक्षण वेगळं, पगार वेगळा, पण बोलणं एकच होतं: हवा कशी आहे ते बघ आणि पिठाच्या कलाने घे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या सावरडोचं जगभर नाव झालं, त्यातली बुदाँ बेकरी 1849 मध्ये निघाली, सोन्याच्या शोधात लोंढे आले त्या वर्षी. ते पहिलं विरजण आपण अजून चालवतो, असं ती बेकरी अभिमानाने सांगते. त्याच वर्षी इथे परमहंस सभेचे तरुण दार लावून पावाचा तुकडा तोंडात घालत होते. तिकडे खाणकामगारांचा पाव होता, इकडे बंडखोरांचा, पुढे गिरणी कामगारांचा. महागडा तो अलीकडे झाला. मुंबईत प्रभादेवीला 2013 मध्ये ‘द बेकर्स डझन’ निघाली तेव्हापासून हा पाव हळूहळू लोकांच्या ओळखीचा झाला आणि 2020 च्या टाळेबंदीत कित्येक घरांतून बरण्यांमध्ये विरजणं वाढू लागली.

तिने खपलीचा पाव चाखायला दिला. खपली गहू आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यातला. आम्ही तो खिरीला वापरतो. त्यात पीठ ताणून धरणारा चिकटपणा कमी, म्हणून पाव फार फुगत नाही, जड होतो. पण गूळ-नारळाच्या खिरीतली ती ओळखीची, मातीसारखी गोडी लोअर परळच्या पावात लागली आणि मला खरंच आनंद झाला. हा पाव चांगला आहे. तो महाग आहे हेही खरं आहे, आणि एवढ्या वेळाचे, एवढ्या कौशल्याचे पैसे कुणाला तरी मिळताहेत हे मला योग्य वाटतं. माझा सवाल एवढाच आहे की लालबागच्या भट्टीतल्या कारागिराला ते का मिळू नयेत. तोही रात्रभर जागतो, तोही कालचा गोळा जपतो. त्याच्या पावाचा भाव एक रुपयाने वाढला की आपण पिशवी मागे घेतो.

दादर मी झपाट्याने उरकलं, कारण तिथे सकाळी पाय थांबू देत नाहीत. फुलांच्या बाजारातून झेंडूचे भारे डोक्यावरून चाललेले, शेवंतीचा ओला वास, आणि त्यातूनच तळणीचा. 1910 सालच्या मामा काण्यांकडे बटाटेवडा खाल्ला. पाव मागितला नाही. काण्यांचा वडा चटणीबरोबर नुसताच चांगला. प्रकाश उपाहारगृहाचा साबुदाणा वडा उपास नसताना खाल्ला. वड्याला पावात घालण्याचं श्रेय अशोक वैद्यांना दिलं जातं, 1966 मध्ये दादर स्टेशनबाहेरच्या त्यांच्या गाडीला. स्टेशनातून उतरून गिरणीकडे धावणाऱ्या माणसाला एका हातात धरता येईल असं पोटभर खाणं हवं होतं, ते पावाने शक्य केलं. छबिलदासच्या गल्लीत वडापावच्या रांगेत कॉलेजची मुलं, हमाल, टाय लावलेले लोक एकामागे एक उभे होते. कुणी कुणाला गाव विचारत नव्हतं.

आता भट्टीबद्दल. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. मला तो आदेश चुकीचा वाटत नाही. भट्ट्यांतून भंगारातलं, रंग लावलेलं लाकूडही जळतं. तो धूर आत्याच्या चाळीत शिरतो आणि तो कारागीर तर त्यातच आयुष्य काढतो. गॅसवरचा पावही चांगला होऊ शकतो, हात तेच राहिले तर. पण लालबागच्या मालकाने भट्टीकडे बोट दाखवून विचारलं, ही पाडायची, नवी बसवायची, तोवर माणसांना काय देऊ? जागा भाड्याची, कर्जाला तारण काही नाही.

याच गिरणगावाने या प्रश्नाचं एक उत्तर पूर्वी काढलेलं आहे. कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांना या बायकांसाठी दार उघडायला लावलं. तारण नव्हतं, एकमेकींची हमी होती. त्या बायकांनी कर्ज फेडलं. छोट्या बेकऱ्यांसाठी महापालिकेने आणि बँकांनी आज तेच करावं: भट्टी बदलायला स्वस्त कर्ज, बदलण्याच्या महिन्यांत कामगारांना आधार.

आणि मुंबईकरांनो, तुमच्या वस्तीतली भट्टी कुठे आहे ते शोधा. सावरडो आवडत असेल तर जरूर खा, पण रोजचा पाव त्या भट्टीवरून घ्या, आणि तिने दर रुपया-दोन रुपयांनी वाढवला तर तो द्या.